कसोटीतल्या महान खेळ्या: गहुंजेच्या १०९ पासून ब्रॅडमनच्या २७० पर्यंत

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

मंडळी, महान खेळ्यांचा विषय निघाला की दर वेळी एकच होतं. कुणीतरी लाराच्या नाबाद ४०० काढतं, कुणी ब्रॅडमनच्या ३३४, मग ९९.९४ ची सरासरी पुढे येते आणि बोलणं तिथेच थांबतं. मला या धाग्यात वेगळं मोजमाप मांडायचंय. सुरुवात आपल्या घरच्या मैदानापासून करतो, कारण पुण्याजवळच्या गहुंजेत झालेल्या तीन कसोट्यांतल्या दोन या वादाला पुरून उरतात.

फेब्रुवारी २०१७, ऑस्ट्रेलियाविरुद्ध इथली पहिलीच कसोटी. भारत १०५ आणि १०७ मध्ये गारद, ३३३ धावांनी हार, तीन दिवसांत खेळ खल्लास. पुढे आयसीसीने खेळपट्टीवर ‘खराब’ असा शेराही मारला. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६, असे बारा बळी घेतले. त्याच खेळपट्टीवर स्टीव्ह स्मिथने दुसऱ्या डावात १०९ काढल्या. आपल्या अख्ख्या संघाला दोन्हींपैकी एकाही डावात जेवढ्या जमल्या नाहीत, तेवढ्या त्याने एकट्याने केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानात होतो. जडेजाचा चेंडू टप्पा पडला की वळून स्मिथच्या बॅटची कड चुकवत थेट साहाच्या ग्लव्ह्जमध्ये जायचा. स्लिपमधले हात डोक्यावर, स्टेडियमभर हळहळ. स्मिथ मात्र त्या वळलेल्या चेंडूच्या मागे बॅट नेतच नव्हता. तो सरळ येणाऱ्या चेंडूसाठी खेळत होता. वळला तर वळू दे, हुकला तर हुकू दे, पण सरळ आलेल्यावर पायचीत किंवा त्रिफळाचीत व्हायचं नाही, एवढं त्याचं ठरलेलं होतं. पुढच्या चेंडूला पुन्हा तोच स्टान्स, तीच हालचाल, आधीच्या चेंडूचा मागमूसही चेहऱ्यावर नाही. आणि आपल्या दुसऱ्या डावात कोहलीने नेमका सरळ आलेला चेंडू सोडून दिला आणि दांडी गुल झाली. स्मिथला जीवदानं मिळाली हे खरंच आहे, पण अशा खेळपट्टीवर ती मिळाल्याशिवाय कुणाचं शतक होत नसतं.

आता ऑक्टोबर २०१९. मैदान तेच, समोर दक्षिण आफ्रिका. कोहली नाबाद २५४, त्याच्या कसोटी कारकिर्दीतली सर्वोच्च धावसंख्या. मयांक अगरवालचं शतक, भारत ५ बाद ६०१ वर डाव घोषित, डावाने विजय. कोहलीची ती खेळी देखणी होती, पाहायला मजा आली. पण मला विचाराल तर गहुंजेवरची सर्वात मोठी खेळी १०९ ची आहे आणि २५४ तिच्या बऱ्याच खाली आहे.

माझं मोजमाप असं. त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर, त्याच गोलंदाजांपुढे बाकीच्यांनी काय केलं ते आधी पाहायचं. ही एक गोष्ट धरली की ब्रॅडमनला २०२५ मध्ये आणायची किंवा कोहलीला १९३० मध्ये पाठवायची गरज उरत नाही. प्रत्येक जण आपापल्या काळातल्या लोकांशीच मोजला जातो, आणि मग ते अंतर आपण एकमेकांशी ताडून पाहू शकतो. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. फक्त निव्वळ धावांची यादी नको.

आकडेबाज

धागा आवडला. मोजमाप मांडायचंच असेल तर संघाच्या धावांतला वाटा काढू. त्या हिशेबात कसोटी क्रिकेटचा विक्रम पहिल्याच कसोटीत झाला आणि अजून कुणी मोडलेला नाही. १८७७, मेलबर्न, चार्ल्स बॅनरमन. संघाच्या २४५ मधल्या १६५ त्याच्या, म्हणजे ६७ टक्क्यांहून थोडं जास्त, तेही बोटाला मार लागून निवृत्त होऊन. त्याच्याखालोखाल मायकेल स्लेटर, सिडनी १९९९, १८४ पैकी १२३. जानेवारी २००० मध्ये सिडनीलाच लक्ष्मण, २६१ पैकी १६७, हे ६४ टक्के. त्या डावात मॅक्ग्राथ, ली, वॉर्न कुणालाच त्याने जुमानलं नव्हतं.

यात मला भावलेली जोडी गूच आणि सेहवागची. १९९१ मध्ये लीड्सच्या हेडिंग्लेला इंग्लंडचा गूच २५२ पैकी १५४ करून नाबाद. २००८ मध्ये गॉलला सेहवाग ३२९ पैकी २०१ करून नाबाद. दोघे सलामीला आले, दोघे शेवटपर्यंत राहिले, आणि दोघांचाही वाटा ६१.१ टक्के! एकीकडे अँब्रोस, मार्शल, वॉल्श, पॅटरसन आणि ढगाळ लीड्स. दुसरीकडे मुरली आणि तेव्हा कुणालाच न उमगलेला मेंडिस. सतरा वर्षांच्या अंतराने, संपूर्ण उलट्या परिस्थितीत, उत्तर एकच.

पण पर्वतीपायथा, तुमच्या उदाहरणात मात्र गंमत होते. स्मिथच्या १०९ म्हणजे संघाच्या २८५ पैकी ३८ टक्के. कोहलीच्या २५४ म्हणजे ६०१ पैकी ४२ टक्के. वाट्याच्या हिशेबाने कोहली वर जातो.

पर्वतीपायथा

@आकडेबाज, म्हणूनच मी वाटा म्हटलं नव्हतं, बाकीच्यांनी काय केलं ते पाहा म्हटलं होतं. तुमचा वाटा फक्त आपल्या संघाकडे पाहतो. मी बाकी एकवीसही जणांकडे पाहतो. २०१९ ला त्याच डावात मयांकने १०८ केल्या, खेळपट्टीने हात दिला होता हे त्यावरूनच कळतं. २०१७ ला स्मिथसोबत दुसऱ्या डावात कुणी पस्तिशीही गाठली नाही, आणि समोरचा संघ दोन्ही डाव मिळून २१२. टक्केवारी काढताना भारताचे ते १०७ हिशेबातच येत नाहीत. चौथ्या डावात अकरा जण जे करू शकले नाहीत, त्यावरून तिसऱ्या डावातल्या १०९ ची किंमत ठरते.

गूच आणि सेहवागची जोडी मात्र लाखमोलाची. त्या गॉलच्या डावात सेहवाग-गंभीरची सलामी १६७ ची होती आणि ती फुटल्यावर सचिन, द्रविड, गांगुली तिघं मिळून दहाच्या आत आटोपले. सगळे मोठे फलंदाज, आणि एकटा माणूस वेगळाच सामना खेळतोय.

वाड्यातला_रेडिओ

तुमचं मोजमाप मान्य असेल तर चर्चा बंगळुरूवरच थांबते. मार्च १९८७, पाकिस्तानविरुद्ध पाचवी कसोटी, आधीच्या चारही अनिर्णित. सुनील गावसकर ९६.

मी तेव्हा कॉलेजात होतो. वाड्यात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओटीवर बसायलाही जागा नव्हती. जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाकिस्तान पहिल्या डावात ११६, मणिंदरने २७ धावांत ७ घेतले. आपण १४५. दुसऱ्या डावात त्यांनी २४९ केल्या आणि आपल्यापुढे २२१ चं लक्ष्य ठेवलं. तोवर खेळपट्टीची पुरती वाट लागलेली. इक्बाल कासिमचा एक चेंडू खांद्यापर्यंत उसळायचा आणि त्याच टप्प्यावरचा पुढचा घोट्याखालून सरपटत जायचा. सिली पॉइंट, फॉरवर्ड शॉर्टलेग, स्लिप, सगळे बॅटला चिकटून उभे आणि प्रत्येक चेंडूला ओरडा.

गावसकरचे हात पाहण्यासारखे होते. खालचा हात इतका सैल की चेंडू बॅटवर येऊन तिथेच मरायचा, पायाशी पडायचा. उसळलेल्या चेंडूला बॅट खाली, हात खाली, छातीवर घ्यायचा. आणि टप्पा जरा आखूड पडला की मागे जाऊन कव्हर आणि पॉइंटच्या मधून चौकार. फटका मारायचा चेंडू कुठला हे त्याला गोलंदाजाच्या आधी कळत असावं असं वाटायचं. तासामागून तास, पाच तासांहून जास्त. दुसऱ्या बाजूने एकेक जण येत होता, जात होता. बाकी कुणाला तिशी गाठता आली नाही. शेवटी कासिमचा एक चेंडू चांगल्या टप्प्यावरून भसकन उसळला आणि स्लिपमध्ये रिझवान-उझ-झमानने झेल घेतला. आठवा गडी. भारत २०४ सर्वबाद, १६ धावांनी हार, आणि पाकिस्तानने भारतात पहिल्यांदा मालिका जिंकली. कासिम आणि तौसीफने सामन्यात नऊ-नऊ बळी घेतले.

ती त्याची शेवटची कसोटी खेळी. वय ३७. त्या दिवशी शतक हुकलं म्हणून मला कधीच वाईट वाटलं नाही, सामना गेला त्याचं मात्र आजही वाटतं.

चौथा_डाव

काका, खूप सुंदर लिहिलंत. पण एक प्रश्न मनापासून विचारतो. सामना हरला तर ती खेळी जगातली सर्वोत्तम कशी? कसोटीत फलंदाजाचं काम सामना जिंकून देणं किंवा वाचवणं हेच ना?

मी माझ्या बाजूने श्रीलंकेच्या कुसल परेराला उभा करतो. डर्बन, फेब्रुवारी २०१९. लक्ष्य ३०४. समोर स्टेन, रबाडा, फिलँडर, ऑलिव्हिए आणि केशव महाराज. नववा गडी गेला तेव्हा २२६, म्हणजे आणखी ७८ हव्यात. दुसऱ्या टोकाला विश्वा फर्नांडो. ७८ ची भागीदारी, त्यात फर्नांडोच्या ६. परेरा १५३ नाबाद, एका गड्याने विजय. त्या मालिकेच्या आधी आशियातल्या एकाही संघाने दक्षिण आफ्रिकेत कसोटी मालिका जिंकलेली नव्हती, लंकेने ती जिंकली.

लोक लाराच्या १५३ सांगतात, १९९९, ब्रिजटाउन, लक्ष्य ३०८, मॅक्ग्राथ, गिलेस्पी, वॉर्न, मॅकगिल, आणि तोही सामना एकाच गड्याने जिंकलेला. धावाही नेमक्या तेवढ्याच, १५३ नाबाद. लारा महानच आहे, पण त्याला अॅडम्सने बराच वेळ साथ दिली, पुढे अँब्रोसनेही ३९ चेंडू खाल्ले. परेराला शेवटच्या ७८ एकट्याने काढाव्या लागल्या, तेही परक्या मैदानावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेडिंग्लेला स्टोक्सने लीचला घेऊन शेवटच्या जोडीसाठी ७६ जोडल्या, त्यात लीचची १. पण स्टोक्स आपल्या घरी, आपल्या लोकांपुढे खेळत होता. त्याला धावचीतची सुटलेली संधी मिळाली आणि पायचीतच्या वेळी ऑस्ट्रेलियाकडे रिव्ह्यूच शिल्लक नव्हता. म्हणून माझ्या क्रमवारीत परेरा, लारा, स्टोक्स.

तिसरी_स्लिप

परेरासाठी +१. त्या दिवशी पुण्यात किती जणांनी तो सामना पाहिला असेल कोण जाणे, पण ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. स्टेनला मारलेले षटकार बघा पुन्हा एकदा.

वाड्यातला_रेडिओ

@चौथा_डाव, तुमच्या कसोटीला जरूर उत्तर देतो. जानेवारी १९९९, चेन्नई, सचिन १३६. लक्ष्य २७१. समोर वासिम, वकार आणि सकलेन. ५ बाद ८२ अशी अवस्था, मग मोंगियाबरोबर १३६ ची भागी. पाठ इतकी दुखत होती की प्रत्येक फटक्यानंतर तो वाकून उभा राहायचा. १७ हव्या असताना तो गेला, आणि उरलेल्यांनी मिळून चार धावा जोडल्या. १२ धावांनी हार. हातातोंडाशी आलेला घास गेला.

आता मला सांगा, त्या उरलेल्यांनी १७ काढल्या असत्या तर सचिनच्या १३६ मध्ये काय फरक पडला असता? त्याने खेळलेला एकही चेंडू बदलला नसता. परेराच्या वेळी फर्नांडो एखाद्या चेंडूवर चुकला असता तर परेराची खेळी लहान ठरली असती का? फलंदाजाने जे केलं ते मोजा. दुसऱ्या टोकाला काय होतं ते त्याच्या हातात नसतं.

चौथा_डाव

फरक पडला असता असं मला खरोखर वाटतं, काका. सकलेनला तो फटका मारायचा की थांबायचं, हा निर्णयही खेळीचाच भाग आहे. परेराने प्रत्येक षटकात शेवटच्या चेंडूंवर एक धाव कशी घ्यायची आणि फर्नांडोला किती चेंडू द्यायचे, हे शेवटपर्यंत सांभाळलं. सामना संपवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याला गुण दिलेच पाहिजेत. १३६ मला प्रिय आहे, पण १५३ च्या वर मी ती ठेवू शकत नाही.

नाईट_वॉचमन

तुम्ही दोघेही खेळपट्टी आणि निकाल यांवर बोलताय, काळाच्या साधनांबद्दल कुणीच बोलत नाहीये. धाग्याचा विषय वेगवेगळी युगं हा आहे, तेव्हा तिथेही यायला हवं.

कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट दिसलं ते १९७८ मध्ये, ग्रॅहम यालपच्या डोक्यावर. एका षटकात किती बाउन्सर टाकायचे यावर बंधन आलं १९९१ मध्ये. या दोन तारखांच्या आधी जे जे वेगवान गोलंदाजीसमोर उभे राहिले त्यांच्याकडे आज आपण पाहतो तशा नजरेने पाहून चालणार नाही. १९७६, किंग्स्टन. अंशुमन गायकवाड ८१ वर असताना कानावर चेंडू बसला आणि थेट रुग्णालय. विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलच्या तोंडावर बसला. दुसऱ्या डावात भारताचे पाच गडी पडले आणि ९७ वर डाव संपला, कारण उरलेले पाचही खेळण्याच्या अवस्थेत नव्हते. गायकवाडच्या त्या ८१ ना आकड्यांच्या कुठल्याही यादीत जागा मिळत नाही. माझ्या यादीत आहे.

आणि त्याच्याही आधी मॅकेब. डिसेंबर १९३२, सिडनी, बॉडीलाइन मालिकेतली पहिली कसोटी, ब्रॅडमन संघात नाही. लेगसाइडला क्षेत्ररक्षकांचं कडं, लारवूडचा चेंडू बरगड्यांवर. स्क्वेअर लेगच्या मागे दोनच क्षेत्ररक्षक, हा नियम त्यानंतर पंचवीस वर्षांनी आला. मॅकेबने मागे न सरकता हुक आणि पुल मारत नाबाद १८७ केल्या, ऑस्ट्रेलिया ३६०. हाच मॅकेब १९३८ मध्ये नॉटिंगहॅमला २३२ करत होता तेव्हा ब्रॅडमनने ड्रेसिंग रूममधल्या सगळ्यांना बाहेर बोलावून ते पाहायला लावलं होतं.

आकडेबाज

@नाईट_वॉचमन, सहमत, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. जुन्या फलंदाजांना काही सवलतीही होत्या. १९३५ च्या आधी ऑफ स्टंपच्या बाहेर टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत देताच येत नसे. चेंडू यष्ट्यांच्या रेषेतच पडायला हवा होता. त्यामुळे हॉब्ज-सटक्लिफच्या पिढीला आत येणारा चेंडू पॅडने निर्धास्तपणे ढकलता यायचा. आज तसं केलं तर रिव्ह्यू घेऊन पाच मिनिटांत घरी.

तरीही पावसाने भिजलेल्या उघड्या खेळपट्टीवर ऊन पडलं की चेंडू काय करायचा, हे आज कुणालाच खेळावं लागत नाही. १९२६, ओव्हल. रात्री पाऊस, सकाळी चिकट खेळपट्टी. हॉब्ज १००, सटक्लिफ १६१, सलामीला १७२. इंग्लंडने ती कसोटी आणि ॲशेस जिंकली. पॅडची सवलत जमेला धरूनही मी ही भागीदारी पहिल्या दहात ठेवतो.

पर्वतीपायथा

ब्रॅडमनकडे येऊ. २००१ मध्ये विस्डेनच्या नावाने शंभर सर्वोत्तम कसोटी खेळ्यांची यादी निघाली होती. तिच्यात पहिली होती मेलबर्न, जानेवारी १९३७ ची २७०. आणि सचिनची एकही खेळी शंभरात नव्हती, त्यावर तेव्हा इथे केवढा गहजब झाला ते अनेकांना आठवत असेल.

२७० ची हकिगत अशी. पावसाने खेळपट्टी बिघडलेली. ऑस्ट्रेलियाने ९ बाद २०० वर डाव सोडला, इंग्लंडने ९ बाद ७६ वर सोडला, दोघांनाही समोरच्याला त्या चिखलात उतरवायचं होतं. ब्रॅडमन कर्णधार. त्याने फलंदाजीचा क्रमच उलटा केला, तळाच्या गोलंदाजांना सलामीला पाठवलं आणि स्वतः सातव्या क्रमांकावर, ५ बाद ९७ असताना आला. तोवर खेळपट्टी सुकून सुधारली होती. फिंगल्टनबरोबर सहाव्या गड्यासाठी ३४६. मालिकेत ०-२ ने मागे असलेल्या संघाने ती पुढे ३-२ ने जिंकली.

कर्णधार म्हणून हा डाव अफाट होता. मालिकेवरचा परिणाम म्हणाल तर लक्ष्मणच्या कोलकात्यातल्या २८१ च्या तोडीचा. पण माझ्या मोजमापाने मी तिला पहिला क्रमांक देणार नाही, कारण ब्रॅडमन सर्वात वाईट खेळपट्टीवर खेळला नाही, ती टाळण्यात त्याची हुशारी होती. त्याच डावात फिंगल्टनने १३६ केल्या. मग ज्याने वाईट खेळपट्टी टाळली नाही, तिच्यावरच उभा राहिला, त्याला वरचं स्थान मिळायला हवं.

सांगलीकर_पुण्यात

ब्रॅडमनचं नाव आलंच आहे तर आमच्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांना कसं विसरता? जानेवारी १९४८, ॲडलेड. ऑस्ट्रेलिया ६७४, त्यात ब्रॅडमन २०१. हजारे पहिल्या डावात ११६. फॉलोऑन. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत ७ घेतले आणि त्याच डावात हजारे १४५, संघाच्या २७७ पैकी. स्वातंत्र्याला सहा महिने झालेले, पहिलाच ऑस्ट्रेलिया दौरा, लिंडवॉल-मिलर समोर, आणि एका कसोटीत दोन शतकं. सामना डावाने गेला. म्हणजे वाड्यातला_रेडिओ काकांच्या बाजूचं हे आणखी एक उदाहरण. त्याच सामन्यात कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३ केल्या तेही इथे नोंदवतो.

आणि सगळी चर्चा पुरुषांचीच का? ऑगस्ट २००२, टाँटन, मिताली राज २१४ इंग्लंडविरुद्ध. वय १९, तेव्हाचा महिला कसोटीतला विश्वविक्रम. महिलांना कसोट्या मिळतात किती? दोन कसोट्यांमध्ये वर्षानुवर्षं जातात. लाल चेंडूचा सराव नसताना, पाच सत्रांचा संयम कुठून आणायचा? महाराष्ट्राकडून खेळलेल्या आणि सांगलीत वाढलेल्या स्मृती मंधानाने २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात गुलाबी चेंडूवर १२७ केल्या, ती भारतीय महिलांची पहिलीच दिवसरात्र कसोटी. त्या चेंडूची सवय कुणालाच नव्हती. सवय नसताना काढलेल्या धावांना कुठल्या रकान्यात टाकायचं, हे पर्वतीपायथा यांनी सांगावं.

पर्वतीपायथा

@सांगलीकर, मितालीच्या २१४ ना मी वरच्या रकान्यात टाकतो. पुढची कसोटी कधी हे ठाऊक नसताना एकाच डावात सगळं ओतणं ही वेगळीच परीक्षा आहे.

कसबा_एंड

पुण्याचा धागा आहे म्हणून दोन नावं लिहितो.

भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ हा तेव्हाचा प्रथम श्रेणीतला विश्वविक्रम, तो फक्त नऊ धावांवर. काठियावाडने पुढे खेळायलाच नकार देऊन सामना सोडला. आजही प्रथम श्रेणीत भारतीयाची ही सर्वोच्च धावसंख्या आहे आणि या माणसाला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. कसोटी नाही म्हणून धाग्यात बसत नाही, मान्य. पण कॅम्पातून जाताना ते मैदान दिसलं की मला दर वेळी हे आठवतं आणि राग येतो.

दुसरे चंदू बोर्डे, आपल्या पुण्याचेच. फेब्रुवारी १९५९, दिल्ली, वेस्ट इंडिज. वेस हॉलचा वेग, मालिकेत आधीच दाणादाण उडालेली. बोर्डे पहिल्या डावात १०९. दुसऱ्या डावात ९६ वर हिट विकेट! चार धावांनी दुसरं शतक हुकलं, पण कसोटी वाचली. @चौथा_डाव, तुमच्या अटीतही हे बसतं. सामना वाचवणं तुम्हीच वर लिहिलंय.

चौथा_डाव

@कसबा_एंड, बसतं, अगदी बसतं. बोर्डेंच्या दिल्लीबद्दल इतकं तपशिलात पहिल्यांदा कळलं, धन्यवाद.

आणि वाचवण्यावरून आठवलं, ब्रिस्बेन २०२१ मध्ये सगळे पंतच्या नाबाद ८९ सांगतात, गिलच्या ९१ सांगतात. पुजाराच्या ५६ सांगा ना. २११ चेंडू. कमिन्स-हेझलवूडने हेल्मेटवर, बोटांवर, खांद्यावर, बरगड्यांवर मारलं. त्याने अंगावर घेतलं, पण बॅट मध्ये आणली नाही. कारण बॅट आणली असती तर झेल गेला असता. पंतला जे थकलेले गोलंदाज मिळाले ते पुजाराने थकवले होते.

नाईट_वॉचमन

पुजाराच्या ५६ साठी हजारदा सहमत. आणि त्यातच माझा मुद्दा आहे. हेल्मेट नसतं तर तो एवढे चेंडू अंगावर घेऊ शकला असता का? १९८३ मध्ये ब्रिजटाउनला मोहिंदर अमरनाथने तोंडावर चेंडू बसून टाके घातल्यावर परत येऊन खेळ पुढे चालू केला. ९१ आणि ८० अशा त्या कसोटीत. पुजाराला कमी लेखत नाहीये. अमरनाथला त्याच्या वर ठेवतोय.

आकडेबाज

कोलकात्याचा उल्लेख फक्त एका ओळीत झाला म्हणून भर घालतो. मार्च २००१. २७४ ची पिछाडी, फॉलोऑन, लक्ष्मण तिसऱ्या क्रमांकावर बढती मिळून आलेला. चौथा अख्खा दिवस लक्ष्मण-द्रविडने एकही गडी न गमावता काढला, भागीदारी ३७६. वॉर्न लेग स्टंपच्या बाहेरच्या खडबडीत जागेत टाकत होता आणि लक्ष्मण पुढे सरसावून तोच चेंडू एकदा मिडऑनकडून आणि एकदा कव्हरमधून मारत होता. एकाच टप्प्यावरचा चेंडू दोन्हीकडे! द्रविड १८० वर धावचीत झाला तोवर सामना फिरला होता. बाकीच्यांनी काय केलं हे पाहायचं तर द्रविडच्या १८० मुळे लक्ष्मण थोडा खाली येतो, आणि तिथे पर्वतीपायथांचं मोजमाप मला तोकडं वाटतं. जोडीदार चांगला खेळला ही लक्ष्मणची चूक नाही.

पर्वतीपायथा

ही हरकत रास्त आहे आणि तिच्यावर विचार केला. द्रविडच्या १८० सोडून बाकी नऊ जणांकडे आणि ऑस्ट्रेलियाच्या चौथ्या डावातल्या २१२ कडे पाहिलं तरी २८१ पहिल्या पाचांतून हलत नाही. भागीदारीत दोघांना एकत्र मोजावं, हॉब्ज-सटक्लिफसारखं, असं मला आता वाटतंय.

माझी पसंती विचाराल तर गावसकर ९६, गूच १५४ आणि मॅकेब १८७, याच क्रमाने. त्यानंतर लक्ष्मण-द्रविड, परेरा, लारा, आणि मग हॉब्ज-सटक्लिफ. ब्रॅडमनच्या २७० त्याखाली, यावर चिडणारे चिडतील. स्मिथच्या १०९ मी पहिल्या वीसात धरतो. गूचला दुसरा क्रमांक देण्याचं कारण एवढंच की त्या डावात दुसऱ्या कुणाच्याही २७ च्या वर गेल्या नाहीत आणि इंग्लंडने तो सामना ११५ धावांनी जिंकला. चौथा_डावची अट आणि माझी अट एकाच खेळीत पुऱ्या होतात.

तिसरी_स्लिप

इतका वेळ वाचतोय, विश्वनाथचं नाव फक्त मोडलेल्या बोटासाठी आलं. हे चालणार नाही.

जानेवारी १९७५, चेपॉक. मालिकेत आपण ०-२ ने मागे होतो, कोलकात्याला विश्वनाथच्या १३९ वर एक परत मिळवलेली. चेपॉकच्या जलद खेळपट्टीवर अँडी रॉबर्ट्सने ६४ धावांत ७ घेतले. भारत १९० सर्वबाद, त्यात विश्वनाथ ९७ नाबाद. शेवटचा गडी चंद्रशेखर बाद झाला तेव्हा शतकाला तीन हव्या होत्या. बाकी दहा जणांच्या आणि अवांतर मिळून ९३. रॉबर्ट्सला स्क्वेअर कट मारायला चेंडू आखूड लागतो असं बाकीच्यांना वाटत होतं, विश्वनाथ चांगल्या टप्प्यावरचाही कट करत होता, मनगटांच्या जोरावर. वेस्ट इंडिज पहिल्या डावात १९२. पुढे प्रसन्नाने सामन्यात नऊ बळी घेतले आणि आपण १०० धावांनी जिंकलो, मालिका २-२.

पर्वतीपायथांची अट पुरी. चौथा_डावची अट पुरी. नाईट_वॉचमनची हेल्मेटची अटही पुरी, १९७५ आहे. आकडेबाजच्या हिशेबाने ५१ टक्के. मग ही पहिल्या तिनात का नाही, ते कुणीतरी मला समजावून सांगा.